पुढचा नंबर तुझा!

मैत्रिणींनो, मागे एकदा याच पानावर मी माळा आवरण्याविषयी लिहिलं होतं. ‘वर्षभर ज्या वस्तूला हात लागला नाही, ती घरात ठेवू नये,’ असं चांगलं ठणकावून सांगितलं होतं. आज त्यातला अर्धा सल्ला मी मागे घेते आहे. उरलेला अर्धा अजून खरा आहे. बिस्किटांचे रिकामे पत्र्याचे डबे साठवून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही.

त्याचं असं झालं. २०२५ च्या दिवाळीत मी भाऊबिजेला माहेरी, शहाद्याला गेले होते. नंदुरबारहून शहादा काही लांब नाही, एसटीने तासाभराचा रस्ता. पण पोरांच्या परीक्षा, सासूबाईंची पथ्यं आणि माझे शाळेतले तास यांतून भाऊबीज सोडली तर मुक्कामाला जाणं होत नाही. आईने माळ्यावरचं पितळी घंगाळ काढायला सांगितलं म्हणून शिडीवर चढले, तर घंगाळाच्या मागे जुन्या साडीत बांधलेलं गाठोडं हाताला लागलं. सोडून पाहते तो काय, आमचा टीव्ही गेम! लाल-पांढरा प्लॅस्टिकचा डबा, वायरने त्यालाच जोडलेले दोन रिमोट, एक पिस्तूल, आणि ‘९९९९ खेळ’ असं छातीठोकपणे छापलेली पिवळी कॅसेट. खेळ मोजून पंधरा, तेच नावं बदलून फिरून फिरून यायचे. फसवणूक तेव्हाही होती, फक्त ती पिवळ्या रंगाची होती.

अण्णांनी तो १९९७ च्या मे महिन्यात सुरतेहून आणला होता. आपल्या बाजूच्या लोकांना सुरत म्हणजे गावचाच बाजार. लग्नाचा बस्ता सुरतेहून, पडद्यांचं कापड सुरतेहून, तसा गेमही तापी लाइनच्या गाडीने मांडीवर बसून आला. मूळचं हे यंत्र जपानच्या निन्टेन्डो कंपनीचं. तिने १९८३ मध्ये ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचा डबा बाजारात आणला. त्याच्या असंख्य नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडे तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचल्या. समुराई, मीडिया, लिटल मास्टर ही नावं तुमच्यापैकी काहींना नक्की आठवतील. टीव्हीला वायर जोडायची, चॅनेल फिरवत फिरवत चित्र पकडायचं, की मारिओ उड्या मारू लागलाच.

मी तेव्हा नऊ वर्षांची, दादा तेराचा. घरात गेम आला म्हणजे दोघांचा आला, असं मला वाटलं होतं. पण सुट्टी लागली आणि दादाचे चार मित्र सकाळपासून ओसरीत येऊन बसू लागले. दोन रिमोट त्यांच्याकडे. अडॅप्टरची पिन डब्यात ढिली बसायची, हलली की पडदा काळा. म्हणून कुणीतरी ती पिन बोटाने दाबून धरायला हवी. ती मी धरायची. ‘धरून ठेव हं, पुढचा नंबर तुझा,’ असं दादा म्हणायचा. मी धरून ठेवायची. आता ‘कॉन्ट्रा’ नावाचा जो बंदुकीचा खेळ होता, त्यात सुरुवातीला वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं असं काहीतरी पटापट दाबलं की तिनाऐवजी तीस जीव मिळायचे. दादाला ते पाठ होतं. तीस जीव असलेल्या माणसाचा नंबर कधी संपतो का हो? आणि चुकूनमाकून संपलाच, तर लाइट जायची.

हे सगळं त्या शिडीवर उभं राहून आठवलं. संध्याकाळी दादाला ओवाळलं. तो पुण्याहून आला होता, खिशातून पाकीट काढत म्हणाला, ‘‘बोल, यंदा काय हवं?’’ दर वर्षी मी ‘काही नको रे’ म्हणते आणि तो पाकीट ताटात ठेवतो, असा आमचा ठरलेला कार्यक्रम आहे. या वेळी म्हटलं, ‘‘तो टीव्ही गेम दे.’’

दादा हसला. मग मी हसत नाहीये हे पाहून म्हणाला, ‘‘अगं, तो माझा आहे. मी पुण्याला नेणारच होतो. आता अशा जुन्या सेटची हौस निघाली आहे, लोक शोधत असतात.’’ आणि आतून आई काय म्हणाली असेल? ‘‘तुला गं कशाला तो? तू कुठे खेळायचीस?’’

तिचं खोटं नव्हतं. मी कुठे खेळायची? मी पिन धरायची. पण तबकातल्या निरांजनाकडे बघता बघता डोळ्यांत पाणी आलं, ते काही धुराने नव्हे. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या खेळण्यावरून सदतीस वर्षांच्या बाईने रडावं याची लाजही वाटली. शेवटी वहिनीच म्हणाली, ‘‘अहो, द्या की त्यांना.’’ दादाने दिला, पण ‘‘उसना नेतेस हं, मी नंतर घेऊन जाईन,’’ एवढं बजावूनच.

आता तुम्ही म्हणाल, हा झाला माहेरचा गहिवर. संगणकाच्या भावाशी त्याचा संबंध काय? सांगते.

आमच्या घरी २०१३ साली घेतलेला संगणक आहे. ह्यांच्या दुकानाच्या हिशेबासाठी घेतला होता. २०२० च्या टाळेबंदीत थोरलीची शाळा त्यावरच भरली. थोरली आता आठवीत आहे. तिला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाची टिपणं टाइप करायची असतात, आणि ‘स्क्रॅच’ नावाचं मुलांचं प्रोग्रॅमिंग ती आपलं आपण शिकते आहे. धाकटा दहा वर्षांचा. त्याला फक्त खेळायचं असतं. भाऊबिजेहून परतले त्या रात्री स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते, तर बाहेरून धाकट्याचा आवाज आला, ‘‘थांब ना ताई, पुढचा नंबर तुझा!’’

लाटणं हातातच राहिलं. बाहेर येऊन पाहिलं. थोरली वही छातीशी धरून खुर्चीमागे उभी. किती वेळ उभी होती विचारलं तर म्हणाली, ‘‘असू दे आई, तो रडतो मग.’’ बायांनो, हे वाक्य मी तिला कधी शिकवलं, ते मला आठवत नाही. पण ते माझ्याकडूनच आलं असणार.

त्याच रात्री ठरवलं. भिशीचे तीस हजार उचलायचे आणि थोरलीला तिचा वेगळा संगणक घ्यायचा. जुन्यावर धाकट्याने काय हवं ते करावं. दुकानात गेलो. दुकानदाराने साधा जुळवून दिलेला संगणक, मॉनिटरसकट, चौतीस हजार सांगितला. जुन्याविषयी म्हणाला, ‘‘वहिनी, तो आता भंगारात द्या. विंडोज दहाचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि अकरा या मशीनवर चढणार नाही.’’ हे म्हणाले, ‘‘थांबू या. दिवाळीची गर्दी ओसरली की भाव उतरतात.’’ मलाही पटलं. कपड्यांचा, भांड्यांचा आपला अनुभव तसाच असतो ना.

इथे आपलं गणित साफ चुकलं. संक्रांतीच्या सुमारास त्याच दुकानात त्याच संगणकाचा भाव त्रेचाळीस हजारांवर गेला होता. रॅमची आठ जीबीची जी पट्टी दिवाळीआधी दोन हजारांच्या आसपास सांगितली होती, ती साडेपाच हजारांना; आणि ‘आज घेतलीत तर’ असं शेपूट वर जोडलेलं. मला वाटलं दुकानदार लुटतो आहे. रागाने दुसऱ्या दुकानात गेले, तिथे पाचशे जास्त सांगितले.

मग शाळेतल्या संगणकाच्या सरांना विचारलं, तेव्हा उलगडा झाला. रॅम म्हणजे संगणकाची कामापुरती आठवण, ओट्यासारखी. कपाटात कितीही सामान असो, एका वेळी ओट्यावर मावेल तेवढ्यावरच स्वयंपाक चालतो. ही रॅमची चिप जगात मुख्यतः तीनच कंपन्या बनवतात: कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. आता कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जी मोठमोठी डेटा सेंटर उभी राहताहेत, त्यांना याच चिपा लागतात, आणि त्यातली एक खास महागडी जात फार मोठ्या प्रमाणात लागते. कंपन्यांनी आपली यंत्रं तिकडे वळवली.

नंदुरबारच्या बायकांना हे समजावून सांगायला नको. हिवाळ्यात गावाबाहेर पथारींवर मैलभर लाल मिरची वाळत असते. समजा, एक मोठा व्यापारी आला आणि ती सगळी पथारीवरूनच उचलून घेऊन गेला, तर वर्षभराच्या तिखटासाठी आपल्याला लागणाऱ्या पाच किलोंचा भाव काय होईल? फरक इतकाच की मिरचीचं पुढच्या हंगामात नवं पीक येतं. चिपेचा नवा कारखाना उभा राहून माल द्यायला वर्षं लागतात. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ या नावाने आपल्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकाला विकली जाणारी रॅम बंद करत असल्याचं जाहीरच केलं. ह्यांनी विचारलं, ‘‘पण मायक्रॉनचा कारखाना आपल्या शेजारी साणंदला होतो आहे ना?’’ हो, गुजरातेत साणंदला तो उभारायचं २०२३ मध्ये जाहीर झालं, पण तो चिपा जुळवायचा आणि तपासायचा. मूळ चिप बाहेरूनच यायची. शेजारी पिठाची गिरणी असली म्हणून गहू स्वस्त होत नाही.

अशी टंचाई पहिलीच नाही म्हणे. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, कारखाने पाण्यात गेले आणि जगभर हार्ड डिस्क महागल्या. २०२० ते २०२२ या काळात करोनामुळे चिपा मिळेनात, तेव्हा गाड्यासुद्धा महिनोन्‌महिने नंबर लावून घ्याव्या लागत. तेव्हा एक शिकले: अशा वस्तूचा भाव ‘उतरेल तेव्हा घेऊ’ म्हणून नड अडवून बसू नये, आणि ‘उद्या अजून वाढेल’ म्हणून घाबरून नडीपेक्षा जास्तही घेऊ नये. नड काय ते आधी कागदावर लिहावं.

आम्ही लिहिलं. थोरलीची नड होती टायपिंग, स्क्रॅच, आणि तिच्या हक्काची खुर्ची. धाकट्याची नड होती खेळ. दोन संगणक ही नड नव्हतीच. खेळायला माळ्यावरून उतरवलेला डबा होता की घरात! म्हणून ठरवलं, जुना संगणक दुरुस्त करून थोरलीला, आणि टीव्ही गेम चालू करून सगळ्यांना.

दादाला फोनवर सांगितलं, तर त्याने वेगळीच वाट सुचवली. रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक मिळतो. हौशी लोक त्याच्यावर जुने खेळ चालवतात. चौकशी केली. त्याच्याही काही प्रकारांचे भाव डिसेंबर २०२५ मध्ये वाढवले होते, कारण तेच, रॅम. शिवाय त्यावर घालायचे खेळ फुकट देणाऱ्या ज्या जागा असतात, तिथे हक्काचा प्रश्न असतो आणि व्हायरसचाही. (आमची पिवळी कॅसेट तरी कुठे हक्काची होती म्हणा. पण ते पाप अण्णांनी अजाणता केलं होतं.)

आता संगणकाच्या दुरुस्तीचं सांगते, कारण तिथे मी साडेआठशे रुपयांना फसले. फसले म्हणजे माझ्याच घाईने. जुन्या रॅमची पट्टी स्वस्त मिळते असं ऐकून ‘चार जीबी द्या’ म्हणाले आणि घेऊन आले. घरी बसवायला गेलो तर बसेना. ह्यांनी जोर लावायला हात पुढे केला, तो मी धरला म्हणून बरं. पट्टीच्या खालच्या कडेला एक खाच असते. आमच्या मशीनला डीडीआर-तीन लागते, मी आणली होती डीडीआर-चार. दोघींची खाच वेगळ्या जागी असते, ती मुद्दामच, चुकीची बसू नये म्हणून. लॅपटॉपची पट्टी तर आखूडच असते. दुकानदार परत घेईना. कुकरची रिंग आणायला जाताना आपण जुनी रिंग पिशवीत घालून नेतो की नाही? मग इथे का नाही नेली, असं सासूबाईंनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी जुनी पट्टी रुमालात गुंडाळून नेली आणि तिची जोडीदारीण पाचशेला मिळाली. जुन्या जातीला फारसं गिऱ्हाईक नसल्याने ती तेव्हा तेवढी महागलेली नव्हती. दुकानातच बसवून, संगणक चालू करून, पडद्यावर आठ जीबी दिसल्याशिवाय मी खुर्ची सोडली नाही.

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घातली, अडीच हजारांची. तीही महागली आहे, पण मला विचाराल तर सगळ्या खर्चात हाच सार्थकी लागला. आधी संगणक सुरू होईपर्यंत चहा व्हायचा. आता चुलीवर आधण ठेवेपर्यंत तयार. दर वेळी तारीख चुकीची दाखवायचा, त्यावर उपाय निघाला चाळीस रुपयांचा. आत बटणासारखा सेल असतो, तो संपला होता. एका मेकॅनिकने मागे त्यासाठी ‘बोर्ड गेला’ असं सांगितलं होतं! विंडोजऐवजी सरांनी लिनक्स टाकून दिलं. ते फुकट आहे, त्यात मराठी छान टाइप होतं, स्क्रॅच चालतं. ह्यांच्या हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर त्यात चालेना, ही एक अडचण. तो हिशेब आता दुकानातल्या मोबाइलवर गेला. सगळं मिळून, माझ्या साडेआठशेच्या मूर्खपणासकट, चार हजारांच्या आत झालं. जे काही घ्याल त्याचं पक्कं बिल घ्या. अठरा टक्के जीएसटी वाचवायच्या नादात वॉरंटीवर पाणी सोडू नका. आणि ‘एक हजार जीबीचा पेन ड्राइव्ह, फक्त पाचशे रुपये’ अशी जाहिरात दिसली, तर आमची पिवळी कॅसेट आठवा.

गेमच्या डब्याला आमच्या गल्लीच्या टोकाला बसणाऱ्या जुन्या टीव्हीवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी डबा पाहिला आणि त्यांचा चेहरा असा फुलला, जणू त्यांच्या वर्गातला पोरगा भेटला! त्याआधी आमच्या घरी एक घात होता होता टळला होता. मूळ अडॅप्टरची वायर तुटलेली, म्हणून ह्यांनी राउटरचा अडॅप्टर ‘पिन बसते की’ म्हणून लावायला काढला होता. काका म्हणाले, तो बारा व्होल्टचा. आणि याला हवा नऊचा. शिवाय पिनेच्या आत अधिक आणि बाहेर उणे, की उलटं, तेही डब्यागणिक वेगळं असतं. पिन बसली म्हणजे जमलं, असं समजू नये. लग्नांच्या बाबतीतही काका हेच म्हणत असतील.

कॅसेट चालेना तेव्हा आम्ही सगळे काय करायचो? काढून फू करायचो! ते चुकीचं होतं. फुंकरीबरोबर तोंडातली वाफ जाते आणि धातूच्या पट्ट्या गंजतात. काकांनी कान कोरायच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसल्या, दोन हट्टी डागांवर साधं खोडरबर हलक्या हाताने फिरवलं, आणि पाच मिनिटं वाळू दिलं. पाणी नको, खोबरेल नको. रिमोटच्या बटणांखालचे रबर पुसले. आणि ती पिनेची जागा, जी मी सबंध मे महिना दाबून धरली होती, तिला डाग दिला. वीस रुपयांचं काम. अण्णांना तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

चित्र सपाट टीव्हीवरही आलं, पण पिस्तूल चालेना. काकांनी कारण सांगितलं ते मला फार आवडलं. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. पिस्तुलाच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा असतो. त्याला पांढरं दिसलं तर नेम लागला, काळं दिसलं तर हुकला. म्हणजे पिस्तूल काही मारत नाहीच, ते नुसतं बघतं. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर हे डोळ्यांचं पातं लवण्याआधी होतं. सपाट टीव्हीला चित्र दाखवायला जरा उशीर होतो, तेवढ्यात पिस्तुलाची वेळ निघून जाते.

सासूबाईंचा एकवीस इंची जुना टीव्ही कोठीत होता, वर विणलेला रुमाल आणि त्यावर रामरक्षा. तो त्यांनी भंगारात देऊ दिला नव्हता. (मी तीनदा सुचवलं होतं. तेच, माळा आवरण्याचं पान!) तो काकांनीच तपासला. तुम्ही घरी असा टीव्ही उघडू नका. बंद करून, प्लग काढूनही आत जबरदस्त वीज साठून राहिलेली असते. आणि नकोच असेल तर फोडायला देऊ नका, त्याच्या काचेत शिसं असतं.

तर मैत्रिणींनो, जानेवारी अखेरीस एका रविवारी आमच्याकडे १९९७ साल उजाडलं. सर सांगत होते की त्या मूळ फॅमिली कॉम्प्युटरची रॅम फक्त दोन केबी असते. आज आम्ही आठ जीबीसाठी रडत होतो, ती त्याच्या चाळीस लाख पटींहून जास्त. पहिला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा सबंध खेळ चाळीस केबीचा. आपल्या ग्रुपवर रोज सकाळी येणारं शुभप्रभाताचं गुलाबाचं चित्र पुष्कळदा त्यापेक्षा जड असतं.

त्या दिवशी मी दुधाच्या हिशेबाच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि नंबर लिहिले. पहिला थोरली. दुसरी मी. तिसरा धाकटा. प्रत्येकाला दहा मिनिटं, गजर लावून. तीस जीव मिळाले तरी गजर झाला की रिमोट खाली. धाकटा रडला. थोरली लगेच ‘असू दे आई’ म्हणायला लागली. मी म्हटलं, ‘‘असू दे नाही. तुझी दहा मिनिटं तू घे, मग त्याला द्यायची असतील तर दे.’’ तिने रिमोट धरला तो किती घट्ट! दहा मिनिटं तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. बदकं मारायला त्यांनी साफ नकार दिला. पण त्याच खेळात आकाशात मातीच्या तबकड्या उडतात, त्या फोडायचा एक प्रकार आहे. ‘‘तबकड्या फोडायला काय पाप?’’ म्हणाल्या आणि पदर खोचून बसल्या. पहिल्याच दिवशी दहांतल्या सात! आता दुपारची झोप त्यांची गेली आहे. पोथी चारला आणि तबकड्या साडेचारला.

मी स्वतः कशी खेळते ते विचारू नका. मारिओ पहिल्याच खड्ड्यात पडतो. अंगठा चालत नाही, आणि उडी मारताना मीच खुर्चीतून उठते. धाकटा कपाळाला हात लावतो. पण दहा मिनिटं होईपर्यंत मी रिमोट सोडत नाही. परवा कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, हे आतून ‘अगं’ म्हणाले. ‘‘गॅस बंद करा, माझा नंबर चालू आहे,’’ म्हटलं. त्यांनी केला.

जुन्या संगणकाला मात्र वही लागत नाही. तो थोरलीचा. धाकट्याने वापरायचा तर तिला विचारायचं. तिने त्याच्यावर एक खेळ बनवायला घेतला आहे, मिरचीच्या पथारीवर आलेल्या गुरांना हाकलायचं. गाय सरळ चालण्याऐवजी आडवी सरकते, ते अजून दुरुस्त व्हायचं आहे.

फेब्रुवारीत शहाद्याला एक लग्न होतं. दादा त्यासाठी आला आणि जाताना आमच्याकडे मुक्कामाला उतरला. येताना मोठी रिकामी पिशवी होती हातात. मी ती पाहिली आणि पाहिली नाही असं केलं. संध्याकाळी चालू गेम दिसला तशी त्याची पावलं आपोआप तिकडे वळली आणि हात पहिल्या रिमोटकडे गेला. थोरली म्हणाली, ‘‘मामा, वहीत नाव लिहावं लागतं.’’

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी मटार सोलत होते, मान वर केली नाही. वही उघडल्याचा आवाज आला. चौथ्या सासूबाई होत्या. दादाचा नंबर पाचवा लागला. तो थोरलीच्या मागे खुर्ची ओढून बसला, आणि जरा वेळाने म्हणाला, ‘‘पिन धरावी लागत नाही आता?’’

‘‘नाही. वीस रुपयांत झालं.’’

त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी गाडीला बसला तेव्हा त्याच्या त्या पिशवीत मी दोन किलो लाल तिखट, वहिनीसाठी ज्वारीचे पापड आणि धाकट्याने काढलेलं मारिओचं चित्र भरून दिलं.